वितोमिरच्या पोटातली जाळी

१

वितोमिरचं पोट उघडलं आणि आत जाळी नव्हती.

गुरुवार होता. मी नेमकी त्याच दिवशी दाढ काढायला रजेवर. यासेनिकच्या इस्पितळात चौतीस वर्षं मी सर्जनच्या हातात अवजारं देते, आणि एवढा तमाशा झाला तो मी नसताना! शुक्रवारी सुजलेला गाल घेऊन कामावर आले तर जो तो कुजबुजत होता आणि मला बघितलं की गप्प होत होता.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भगदाड. आतडं त्यातून बाहेर डोकावतं. नुसते टाके घातले तर पुन्हा उसवायची भीती, म्हणून तिथं प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी बसवतात. हळूहळू मांस तिच्या भोकाभोकांतून वाढतं आणि भिंत पक्की होते. ही जाळी विरघळत नाही की गंजत नाही. माणूस मातीत जातो, जाळी तशीच राहते.

वितोमिरच्या केसपेपरवर लिहिलं होतं की सहा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, याच इस्पितळात त्याच्या पोटात जाळी बसवली. सर्जन डॉक्टर दुन्या. अवजारं देणारी सिस्टर रादोयका, म्हणजे मीच. खाली जाळीच्या पाकिटावरचं नंबराचं स्टिकर चिकटवलेलं. आता त्याचं पोट पुन्हा फुगलं म्हणून आमचे नवे प्रमुख डॉक्टर मोम्चिलो यांनी ते उघडलं, तर आत जुने नायलॉनचे टाके होते, बाकी काही नाही.

मोम्चिलो वसंतात बेलग्रेडहून आले. हुशार माणूस, हात सोन्याचा, पण नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांनी नवीन जाळी बसवली, पोट शिवलं, आणि हात धुवायच्या आधी डायरेक्टरला फोन केला.

"मंगळवारी दहा वाजता समितीची बैठक आहे," त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "तोवर डॉक्टर दुन्या कुणाला हात लावणार नाहीत. जाळी बसवल्याचं खोटं लिहिलं आणि जाळी बाहेर विकली, असा माझा संशय आहे. सिद्ध झालं तर त्यांचा परवाना जाईल."

"आणि मी तिथं काय करत होते? झोपले होते?"

"तुम्ही झोपला होतात असं कुणीच म्हणत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "तुम्ही गप्प बसलात, असं म्हणतायत."

माझ्या दाढेची कळ मस्तकात गेली.

२

दुन्या आमच्या नर्सेसच्या खोलीत बसली होती. समोरच्या कॉफीवर साय आली होती. ही पोर पंचवीस वर्षांची असताना माझ्या हाताखाली आली. पहिल्यांदा चाकू धरताना हात थरथरत होता तेव्हा मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला होता. तिच्या बॅचचे सगळे जर्मनीला गेले. हिच्याही खणात तिकडचं बोलावणं पडून आहे, पण ही गेली नाही. म्हणते, मावशी, मग यासेनिकच्या लोकांची पोटं कोण शिवणार?

"मावशी, मला तो माणूस आठवत नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? त्या वर्षी मी नव्वद हर्निया केले."

"मला तरी कुठं आठवतोय? आपल्याला हिरव्या कापडातला वीतभर चौकोन दिसतो. तोंड बघते ती भूल देणारी, आणि ती गेली नॉर्वेला."

"माझा कागद वाचलास?"

मी चष्मा लावला. दुन्याची टिपणं म्हणजे पोस्टाच्या तारेसारखी तुटक. *बेंबीच्या वर चार सेंटिमीटरचं भोक. त्वचा निरोगी. जाळी बसवली. रक्तस्राव नाही.*

"हे 'त्वचा निरोगी' मला बुडवणार," ती म्हणाली. "वितोमिरच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत वण आहे. अल्सरचं ऑपरेशन, नीशच्या लष्करी इस्पितळातलं, चोवीस वर्षांपूर्वीचं. मोम्चिलो म्हणतात, एवढा वण ज्याला दिसला नाही त्यानं पोट पाहिलंच नाही, कागद घरी बसून लिहिला."

"तू असा वण लिहायचा विसरशील?"

"कध्धी नाही. जुन्या वणातून आत जायचं म्हणजे आतडी चिकटलेली असतात. तिथं माझी बोटं चालायची थांबतात. ते मी लिहिणारच."

"मग?"

"मग काय, मावशी? कागद माझा आहे, सही माझी आहे, आणि पोटात जाळी नाही. माझ्यावर माझाच विश्वास बसेनासा झालाय गं." आणि ती रडायला लागली. तेरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. 

एवढं मात्र मला ठाऊक होतं. माझं आयुष्य मोजण्यात गेलंय. आत गेलेला प्रत्येक बोळा बाहेर आला की नाही हे मी मोजते, आणि मोजणी जुळेपर्यंत कुणाच्या बापाला पोट शिवू देत नाही. फक्त जाळी ही अशी वस्तू आहे की जी आत जाते आणि बाहेर यायची नसते. माझ्या वहीत ती आत गेल्याची नोंद होती, म्हणजे ती आत गेली होती.

मग प्रश्न एवढाच होता की बाहेर कुणी काढली.

३

सामानाच्या कोठाराचा झिका मला बघताच खुर्चीतून उठला आणि कपाटासमोर उभा राहिला. गावात कुजबुज जुनी होती की झिका पोत्यानं सामान खाजगी दवाखान्यांना पुरवतो.

"मला ठाऊकच होतं तू येणार," तो म्हणाला. "मी काही केलेलं नाही."

"मी काही विचारलंय का? चोराच्या मनात चांदणं."

"रादोयका, तोंड सांभाळ! आधीच एक गाल सुजलाय."

"दुसऱ्याची काळजी तू करू नकोस. त्या डिसेंबरचं रजिस्टर काढ."

कुरकुरत त्यानं कपाट उघडलं. आत पोती नव्हती, चोरीचं सामान नव्हतं, तर लोणच्याच्या मिरच्यांच्या सतरा बरण्या होत्या. कोठार थंड म्हणून हा पठ्ठ्या घरचं लोणचं सरकारी कपाटात ठेवत होता, आणि म्हणून एवढा घाबरला होता. मला हसू आलं, पण दाढ दुखली.

रजिस्टर मात्र स्वच्छ होतं. त्या नंबरच्या जाळ्यांची पेटी पाच पाकिटांची. पाचही पाकिटं पाच वेगवेगळ्या दिवशी गेलेली आणि प्रत्येकापुढे सही. वितोमिरच्या दिवशी एकच पाकीट, सही माझी.

"पाकिटात स्टिकरं किती असतात?" झिकानं विचारलं.

"तीन. एक केसपेपरवर, एक थिएटरच्या वहीत."

"आणि तिसरं?"

 माझ्या लक्षात कसं आलं नाही! तिसरं स्टिकर पेशंटला द्यायचं असतं. पुढं कधी कुठल्या डॉक्टरनं पोट उघडलं तर आत काय आहे हे त्याला कळावं म्हणून. त्या काळी आम्ही ते पेशंटच्या निळ्या आरोग्यवहीच्या मागच्या पानावर चिकटवायला सांगत असू.

"ते सापडलं तर दुन्या सुटेल?" झिकानं विचारलं.

"निदान पेशंट इथून जाळी घेऊन गेला हे तरी ठरेल."

झिकानं मला मिरच्यांची एक बरणी दिली. लाच नाही म्हणाला, दाढेला बरी. अक्कल बघा माणसाची.

४

शनिवारी सकाळी वॉर्डात गेले. वितोमिर उशीला टेकून बसला होता. पंचावन्नचा, हाडापेरानं मोठा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. बायको कोसारा शेजारी बसून सफरचंद सोलत होती. मोम्चिलोंनी ताकीद दिली होती की पेशंटला चौकशीबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. म्हणून मी टाके बघायचं निमित्त केलं.

"सिस्टरबाई, यांना मंगळवारी सोडतील ना हो?" कोसारा बोलायला कुणीतरी मिळायचीच वाट बघत होती. "बुधवारी मित्रोवदान. आमच्या घरची स्लावा. घरात मेणबत्ती लावायची, रोटी मोडायची, आणि घरधनी इथं पडलेला! यांच्या आज्यापणज्यानं कधी चुकवला नाही."

स्लावा आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, तुमच्या कुलदैवतासारखा. बापाकडून मुलाकडे येतो, आणि घर पडलं तरी बदलत नाही.

"सोडतील," मी म्हटलं. "पण वजन उचलायचं नाही. सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच."

वितोमिर खिडकीबाहेर बघू लागला.

"यांना कोण सांगणार? हिवाळा आला की आमच्याकडे खाण्याचीच घाई. आधी आमचा मित्रोवदान, मग डिसेंबरात निकोलदानला यांच्या कुमाकडे मासे, मग नाताळ. पोट फुगणार नाही तर काय होणार!"

"तुमची जुनी निळी वही आहे का हो घरी? कार्ड यायच्या आधीची?"

"घरी कशाला? ही बघा." तिनं पिशवीतून काढून हातात दिली. "मी काही टाकून देत नाही. दर तीन महिन्यांचा शिक्का आहे बघा, एक चुकला नाही. नशीब, यांच्या कारखान्यानं शेवटपर्यंत विमा भरला."

"कोसारा, दे ती इकडे!" वितोमिर एकदम ओरडला आणि टाक्यांना धरून कळवळला.

मी मागचं पान उघडलं. पान कोरं होतं. तिथं कधी काही चिकटवलेलंच नव्हतं, कागदाला गोंदाचा डागही नव्हता.

म्हणजे तिसरं स्टिकरही गेलं. मोम्चिलोंना कळलं असतं तर म्हणाले असते, बघा, पेशंटला द्यायलाच काही नव्हतं. मी वही परत केली आणि हसून बाहेर आले. 

पण एक गोष्ट टोचत राहिली. कर नाही त्याला डर कशाला? लुबाडला गेला असेल तर वितोमिर. मग साधी वही बघितली तर तो का घाबरला?

५

रविवारी दुपारी मी तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत गेले. तिथली किल्ली माझ्याकडे कशी, हे विचारू नका. त्या डिसेंबरचा गठ्ठा काढला आणि वितोमिरचा केसपेपर पहिल्या पानापासून वाचायला बसले. सगळे जण ऑपरेशनचं पान वाचतात. बाकीची पानं कोण वाचतो?

ताप नाही. जेवण: आमटी, उपासाचं. सही? सही म्हणजे नुसता गिरगोटा, गुरुवारच्या संमतीपत्रावरही आणि इथंही. माझ्या पदरी काही पडेना. मग शेवटचं पान उलटलं. डिस्चार्ज, अठरा डिसेंबर, डॉक्टरांचा सल्ला डावलून, पेशंटच्या स्वतःच्या जबाबदारीवर. कारणाच्या रकान्यात वॉर्डच्या नर्सनं त्याच्या तोंडचे शब्द लिहून घेतले होते:

*उद्या माझी स्लावा. घरात दुसरा पुरुष नाही. रोटी मीच मोडायची आहे.*

मी ते एकदा वाचलं आणि जागेवरून उठले. पुन्हा वाचलं.

अठरा डिसेंबरचा उद्या म्हणजे एकोणीस. एकोणीस डिसेंबर म्हणजे निकोलदान, संत निकोलाचा दिवस.

आता म्हणाल, निकोलदानला अर्धा देश स्लावा करतो आणि उरलेला अर्धा त्यांच्याकडे जेवायला जातो. खरं आहे. पण पाहुणा मासे खायला जातो, रोटी मोडायला नाही. रोटी मोडतो तो घरधनी. टाके ओले असताना सही करून घरी धावतो तो घरधनी. काही घरांत दुसरी लहान स्लावाही असते, पण ती वसंतात नाहीतर उन्हाळ्यात, आणि तिच्यासाठी कुणी इस्पितळातून पळत नाही.

वितोमिरचं घर मित्रोवदानचं. आज्यापणज्यापासून. आणि या कागदातला माणूस निकोलदानचा.

मग 'त्वचा निरोगी' माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं. अगं बाई! दुन्यानं पोट पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं. तिनं वण लिहिला नाही कारण त्या पोटावर वण नव्हता. जाळी कुणी चोरली नव्हती, विकली नव्हती, बाहेर काढली नव्हती. ती जिथं बसवली तिथंच होती.

फक्त ते पोट वितोमिरचं नव्हतं.

६

"तुझी वही कुणाला दिली होतीस?"

सोमवारी सकाळी कोसारा घरी रोटीचं पीठ भिजवायला गेली होती, तेव्हा मी पडदा ओढून वितोमिरच्या खाटेवरच बसले. 

"त्या काळात निळ्या वहीवर फोटो नव्हता," मी म्हटलं. "कारखाने बंद पडले, लोकांचे विम्याचे शिक्के थांबले. ज्याच्याकडे शिक्का नव्हता त्यानं शेजाऱ्याची वही घेतली. आम्हाला काय माहीत नव्हतं? आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं. बोल."

"माझं ऑपरेशन झालंय. मी डॉक्टरांना सांगितलं की."

"झालंय ना! अल्सरचं. तू खोटं बोलला नाहीस, त्यांनीच चुकीचं समजून घेतलं. पण उद्या दहा वाजता डॉक्टर दुन्याचा परवाना जाणार आहे. जाळी चोरली म्हणून."

तो ताडकन उठायला गेला आणि परत कोसळला. "दुन्या? ती पोरगी? मला कुणी काही..." त्यानं पांघरूण बाजूला सारलं. "मी सांगतो. समितीला सांगतो. वही मी रस्त्यावरच्या एका माणसाला दिली."

"रस्त्यावरच्या माणसाला! कशाला, सिगारेट पेटवायला?"

"त्याचं नाव माझ्या तोंडून नाही निघणार, सिस्टर. मला जेलात घाला."

"भाऊ आहे का तुला?"

"आहे की. त्याला मध्ये आणू नका!"

"नाही आणत. भावाची स्लावा तुझीच, मित्रोवदान. निकोलदानचा माणूस तुझ्या रक्ताचा नाही. आणि रक्ताचा नसून ज्याच्यासाठी माणूस जेलात जाईल असं आमच्या देशात एकच नातं आहे." मी उठले. "निकोलदानला तू कुणाकडे मासे खातोस, ते तुझ्या बायकोनं सांगून टाकलंय."

वितोमिरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

कुम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहतो तो, मुलांच्या नामकरणाला त्यांना हातात धरतो तो. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही.

वितोमिरचा कुम कोण, हे गावात कुणीही सांगेल: स्रेतेन. त्याचं घर गिरणीच्या मागं. चारच्या सुमाराला गेले तेव्हा तो अंगणात ओंडके फोडत होता. गिरणीत हमाली करतो, पन्नास किलोची पोती दिवसभर. मी फाटकातूनच विचारलं, "स्रेतेन, पोट कसं आहे?"

कुऱ्हाड खाली आली ती ओंडक्यातच राहिली.

"तुम्ही थिएटरच्या सिस्टर," तो हळू म्हणाला.

"हो. जाळी शोधत आलेय."

तो वळला आणि घरात गेला. मागच्या दाराची कडी वाजल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

७

पळाला, माझ्या मनात आलं. उद्या दहा वाजता माझ्याकडे एक कागद आणि एक संत, बास! मी एकसष्ट वर्षांची बाई, कुठं धावू त्याच्या मागं?

पण तो पळाला नव्हता. मागची खोली त्यानं कडी लावून बंद ठेवलेली असते, कारण तिथं त्याच्या बापाची संत निकोलाची तसबीर आहे. ती छातीशी धरून तो बाहेर आला आणि माझ्यापुढे उलटी केली. मागच्या लाकडावर, मधोमध, पिवळं पडलेलं स्टिकर होतं. मी थिएटरच्या वहीतून उतरवून आणलेला नंबर ताडून पाहिला. अंकाला अंक जुळला.

"तुम्हीच हातात दिलं होतं," तो म्हणाला. "म्हणालात, हरवू नकोस, तुझ्या आत जे आहे त्याची ही ओळख आहे. वहीत कसं लावणार? वही कुमाची. फेकून देववेना. म्हणून इथं लावलं."

"आणि सहा वर्षं गप्प?"

"वीटकारखाना बंद झाला, शिक्का नाही. आतडं दोनदा अडकलं होतं, सिस्टर. वितोमिर आला, टेबलावर वही ठेवली आणि म्हणाला, घे. मी नाही म्हटलं तर रागावला. मी सांगितलं तर तो अडकेल, म्हणून गप्प बसलो."

"आणि तुम्ही दोघं शहाणे! त्या दिवशी तुला रक्त द्यावं लागलं असतं तर? वहीवर रक्तगट वितोमिरचा. मेला असतास ना टेबलावर, आणि मारलं असतं आम्ही!"

हे त्याला सुचलंच नव्हतं. तो पायरीवर बसला. मग मी दुन्याचं सांगितलं. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "किती वाजता?"

मंगळवारी दहाला समितीच्या टेबलाभोवती डायरेक्टर, दोन बाहेरचे डॉक्टर आणि मोम्चिलो. टेबलाच्या कोपऱ्याला दुन्या, हात मांडीखाली दाबून. मी स्लावाचं सांगायला लागले तेव्हा मोम्चिलो वैतागले. "सिस्टर, इथं वैद्यकीय चौकशी चालू आहे. हा काय देवधर्म?"

"डॉक्टर, तुमच्या घरची स्लावा कुठली?"

"जुर्जेवदान. का?"

"कागदावर दुसरा कुठला संत दिसला तर माणूस दुसरा, हे तुम्ही मान्य कराल की नाही?"

 बाहेरच्या दोन डॉक्टरांपैकी म्हातारा मान डोलावू लागला. मी डिस्चार्जचं पान पुढे ठेवलं. त्यावर तसबीर उलटी ठेवली. मग दार उघडलं. चाकांच्या खुर्चीत वितोमिर, आणि खुर्ची ढकलणारा स्रेतेन.

"मी ढकलत होतो तर तो म्हणतो सोड," स्रेतेन म्हणाला. "मी म्हटलं गप्प बैस, आज माझी पाळी." मग त्यानं सदरा वर केला. बेंबीच्या वर बोटाएवढी बारीक रेघ, दुन्याच्या हातची.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण मोम्चिलोंना आरसा हवा होता, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. त्यांनी सोनोग्राफीचं मशीन आणवलं आणि स्वतः स्रेतेनच्या पोटावर फिरवलं.  पडद्यावर पांढरी, नागमोडी रेघ उमटली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठंही न तुटलेली.

"जाळी," मोम्चिलो म्हणाले.  "जागच्या जागी. सहा वर्षं, हमालाच्या पोटात." मग ते उठले, पोटावरचा जेल तसाच हातावर घेऊन दुन्यासमोर गेले. "डॉक्टर, तुम्ही 'त्वचा निरोगी' लिहिलंत आणि मी ते खोटं समजलो. चूक माझी. लेखी देतो."

दुन्यानं मान हलवली.  मी तिच्या शेजारी बसले आणि टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

विम्याच्या कचेरीला कळवणं भाग होतं, डायरेक्टर म्हणाले, आणि दोघांना जबाब द्यावे लागतील. दोघांनीही तिथंच एका पेनानं सह्या केल्या. दोन्ही गिरगोटे, पण या वेळी ज्याचा त्याच्या नावापुढे. दुपारी मी वितोमिरच्या कागदांतलं ते ऑपरेशन काढलं, स्रेतेनच्या नावाचं नवं कार्ड केलं आणि त्यावर जाळीचा नंबर लिहिला.

बुधवारी मित्रोवदान. स्लावाला कुणी आमंत्रण देत नाही, ज्याला यायचं तो येतो. बुधवार उपासाचा, आमच्याकडे उपासाला मांस नाही पण सणाला मासे चालतात, म्हणून कोसारानं मासे आणि घेवडा केला होता. वितोमिरनं बसूनच मेणबत्ती लावली आणि रोटी मोडली. दुन्या आली, झिका मिरच्यांच्या बरणीसकट आला. रोटी मोडून झाल्यावर दार वाजलं आणि मोम्चिलो आत आले, हातात फुलं, कुठं बसावं कळेना. कोसारानं त्यांना दुन्याशेजारीच बसवलं.

मी स्रेतेनला त्याचं कार्ड दिलं. त्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. मग जाळीचा नंबर वाचला.

"खरं सांगू, सिस्टर?" तो म्हणाला. "रोज पोतं उचलताना वाटायचं, आत जे आहे ते कुमाच्या नावाचं आहे, जपून."

तेवढ्यात वितोमिर ओरडला की तळघरातून वाइन कोण आणणार, मला तर उठायला बंदी. स्रेतेन गेला आणि भरलेलं पिंप दोन्ही हातांनी उचलून जिना चढून आला.

"सावकाश!" दुन्या आणि मोम्चिलो एकदमच ओरडले.

स्रेतेननं पिंप टेबलाशी ठेवलं आणि पोटावर हात ठेवला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "आता ही माझी आहे."